मागच्या काचेचा पंचनामा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण एका चारचाकीची मागची काच फुटली होती, ती घटना आजही मला तासातासाच्या तपशिलानिशी आठवते. आम्ही निवृत्त मंडळी सकाळी रंकाळ्यावर फिरायला जमतो तेव्हा कुणी कुठला गुंड पकडला याच्या बढाया चालतात. मी काचेची गोष्ट काढली की सगळे हसतात. हसोत बापडे. त्या काचेने मला माझ्याच ठाण्यात आरोपीच्या जागी उभं केलं होतं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. कुणाची नावं देणार नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि एकमेकांच्या शेजारीच राहतात.

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत निम्मी वस्ती शहराची, निम्मी खेड्यांची. उन्हाळ्याचे दिवस होते. मी दिवसभर एका यात्रेच्या बंदोबस्तावर होतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला ठाण्यात परतलो तर आवारात एक पांढरी गाडी उभी, आणि तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं. गाडीची मागची काच पूर्ण तडकली होती, पण खाली पडली नव्हती. आतून काळी फिल्म चिकटवलेली होती, तिने सगळे तुकडे धरून ठेवले होते.

गाडीमालक गावातले वजनदार गृहस्थ. खताचं मोठं दुकान, गावात शब्दाला मान, आणि आवाज असा की ठाण्यातलं बोलणं हमरस्त्यावर ऐकू जावं. मी टोपी काढायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"सायेब, माझी बायको गाडीत बसल्याली हुती. काच आत आली असती म्हंजे? मान चिरली असती की तिची! आज गुन्हा दाखल झाला पायजे, न्हायतर उद्या मी वरच्या सायबांकडं जातो."

हवालदारांनी मला बाजूला घेऊन हकीकत सांगितली. गाडीमालकांच्या घराशेजारी एक कुटुंब राहतं. बाप उद्यमनगरातल्या फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामाला. त्याची मुलगी वीस-एकवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. दोन घरांच्या मधल्या बोळावरून जुना वाद. घरांच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे मुलगी रोज संध्याकाळी गोळाफेकीचा सराव करते. त्या दिवशी पाचच्या सुमाराला गाडीमालक पत्नीसह नृसिंहवाडीला पौर्णिमेला निघाले होते. गाडीची मागची बाजू मोकळ्या जागेकडे. तेवढ्यात फाटकन आवाज झाला आणि काच गेली. मालकांनी मान वर केली तर समोर ही मुलगी, हात अजून हवेत. शेजारच्या एका माणसानेही तिला काहीतरी फेकताना पाहिलं होतं.

हवालदार बावीस-तेवीस वर्षं नोकरी झालेला गडी. त्यांनी जागेवर जाऊन पंचनामा उरकला होता. लोखंडी गोळा ताब्यात घेऊन, कापडात बांधून, चिठ्ठी लावून मुद्देमालाच्या कपाटात ठेवला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं: "सदर आरोपीने जड वस्तू फेकून मारून वाहनाची मागील काच फोडून नुकसान केले." गुन्हा अजून दाखल व्हायचा होता, पण मुलगी कागदावर आरोपी होऊन बसली होती. आमच्याकडे अशी वाक्यं साच्यात तयार असतात. नाव आणि वस्तू बदलायची की झालं. मी दिवसभराच्या उन्हाने शिणलो होतो. कागद चाळला आणि खाली सही ठोकली. गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी कळस मग पाया, तसला प्रकार.

माणूस जिवाला धोका झाला म्हणतो, म्हणजे प्रकरण दखलपात्र. तरी मी गुन्हा लगेच घेतला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सकाळी बघू म्हणालो. मुलीचा बाप दारातच हात बांधून उभा होता. जाता जाता मी त्याला म्हणालो, "शेजारी आहात. चूक झाली असेल तर कबूल करा आणि मिटवून घ्या." हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा बोललो असेन. ते बोललं की आपण फार शहाणपणाचं बोललो असं प्रत्येक ठाणेदाराला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच बाप-लेक हजर. बापाच्या हातात चौघडी घातलेला कागद. गावातल्या चार शहाण्यांनी बसून लिहून दिलेला माफीनामा. "माझ्या हातून रागाच्या भरात काच फुटली, पुन्हा असे होणार नाही," खाली मुलीची सही. बापाचा चेहरा मोकळा झालेला. ओझं उतरल्यासारखा.

"सायेब, तुमी म्हनला तसं केलं. कबूल केलंया. आता मिटलं न्हवं?"

मुलगी मात्र माझ्याकडे बघत नव्हती. उंच, रापलेली, खांद्याने भरलेली पोरगी. कवायतीत उभं राहावं तशी सरळ उभी, पण नजर फरशीवर. मी बापाला बाहेर बसवलं, महिला शिपायाला आत बोलावलं आणि मुलीला खुर्ची दिली.

"तूच फोडलीस?"

"व्हय सर."

"गोळा मारून?"

ती थोडी अडखळली. "न्हाय. दगुड मारून."

"केवढा दगड?"

तिने हाताची मूठ दाखवली.

"कुठून उचललास?"

"तिथलाच."

मी कोऱ्या कागदावर गाडीच्या मागच्या काचेचा चौकोन काढला आणि पेन तिच्या हातात दिलं. "दगड कुठे लागला तिथे फुली मार." तिने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि बरोबर मध्यावर फुली मारली. मी तो कागद घेऊन आवारात गेलो आणि पहिल्यांदा त्या काचेसमोर नीट उभा राहिलो. मध्यावर काहीही नव्हतं. ना खळगा, ना चुरा. तडे होते, पण ते सगळीकडे सारखेच पसरलेले.

परत आलो आणि तिला म्हणालो, "पोरी, मी चोरांचे जबाब घेत म्हातारा झालो. चोर खोटं बोलतो ते सुटायला. तू अडकायला खोटं बोलते आहेस. का?"

तेव्हा ती रडली. आवाज न करता, दात ओठावर रोवून. "बाबा म्हनले, सायबांनीच सांगितलंय, कबूल केलं की मिटतंय. मी गोळा टाकला सर, रोजच्यासारखा. गोळा भुईला पडायच्या आधी काच फुटली. मला वाटलं, माझ्याच हातनं कायतरी झालं. पन गोळा तर माझ्या म्होरंच पडल्याला. बारा दिवसांवर भरतीचं ग्राउंड आलंय. केस झाली तर फॉर्मात लिवायला लागतंय. म्हनून बाबा म्हनले मिटवून टाकू."

मी तो माफीनामा हातात घेऊन बसलो. बापाला आत बोलावून समजावलं. हा कागद मिटवणारा नाही, दप्तराला लागला तर कायमचा राहणारा आहे. उद्या मुलगी भरती झाली तर तिच्या चारित्र्याची पडताळणी याच ठाण्यात येणार. जो कुणी अधिकारी या खुर्चीत असेल तो दप्तर काढणार आणि त्यात मुलीच्या सहीची कबुली सापडणार. गुन्हा दाखल झाला तर खटला संपेपर्यंत नेमणूक लटकणार. बापाचा मोकळा झालेला चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. हात जोडून म्हणाला, "मग आता कसं करायचं सायेब? तुमीच म्हनलासा की."

मला स्वतःची लाज वाटली, हे स्पष्ट लिहितो.

मी जीप काढली आणि जागेवर गेलो. गाडीमालकांनाही बोलावलं. मुलगी जिथून गोळा टाकते तिथे तिने चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखलेलं होतं. गोळा पडून पडून समोर खळगे झाले होते. मी पावलं मोजली. वर्तुळापासून खळग्यांपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दुपटीहून लांब गाडी उभी होती. तिथवर चार किलोचा गोळा टाकणारी मुलगी असती तर ती आमच्या भरतीला कशाला आली असती, देशासाठीच खेळली असती. शिवाय एवढा गोळा काचेला लागला असता तर तो मागच्या सीटवर सापडला असता, खळग्यात नव्हे. हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. फक्त जागेवर उभं राहावं लागतं.

गाडीमालकांना मी हे दाखवलं. ते खळग्यांकडे बघत म्हणाले, "मग दगुड मारला असंल! तिनं कबूल केलंय न्हवं?"

"दगड गाडीत सापडला? खाली सापडला?"

"सायेब, मग काय काच आपोआप फुटली व्हय? परवाच्याला काळी फिल्म बशिवली, नवी कोरी. काच एकदम ठणठणीत!"

परवाच्याला. म्हणजे काच फुटायच्या आदल्या दिवशी. हे पंचनाम्यात कुठेच नव्हतं. मी फिल्म बसवणाऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. पोलिसांनी बोलावलं म्हणून बिचारा आधीच घामाघूम. त्यातून फिल्मचा धंदा, पोलिसांशी रोजचा लपंडाव. आल्या आल्या फिल्म नियमात बसते हेच सांगायला लागला. मी म्हणालो, "नियमाचं नंतर बघू. आधी हे सांग, फिल्म लावल्यानं काच फुटते का?"

"काय बोलताय सायेब! फिल्मनं काच फुटली असती तर निम्म्या कोल्हापूरच्या काचा रस्त्यावर दिसल्या असत्या."

"पण बसवताना गरम करतोस ना?"

"करायलाच लागतंय. मागची काच गोल असती. गरम हवा मारून फिल्मला वळण द्यावं लागतंय. पन त्यानं कायबी व्हत न्हाय."

माणूस खोटं बोलत नव्हता. पण धंदा बुडायची भीती असलेल्या माणसाचं खरंही निम्मंच धरावं लागतं. मला तिसरा माणूस हवा होता, ज्याचं यात काही जात नाही आणि काही येत नाही.

उद्यमनगरच्या एका गल्लीत गाड्यांच्या काचा बसवणारे एक वयस्कर कारागीर होते. हाताची बोटं कापून कापून जाड झालेली. अपघातांच्या केसेसमध्ये त्यांना मी पूर्वी एक-दोनदा पाहिलं होतं. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि तोच प्रश्न टाकला. त्यांनी कोपऱ्यातून भंगारातल्या गाडीची एक मागची काच उचलून गोणपाटावर उभी केली आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"हाणा मधी."

मी जरा जपून मारली.

"पोलिसासारखी हाणा की सायेब!"

मी जोरात हाणली. हातोडी झिणझिणत परत आली. काच तशीच. मग त्यांनी पोगर, म्हणजे पत्र्यावर खूण पाडायची टोकदार लोखंडी कांडी घेतली, काचेच्या खालच्या कडेला टेकवली आणि चमचा आपटावा एवढ्याच जोराने टक् केलं. फाट् करून सगळी काच ज्वारीच्या दाण्यांसारखी गोणपाटावर सांडली. मी दोन पावलं मागे उडालो. ते हसले.

"ही काच छातीवर घाव सोसती, कडंला न्हाय. फिल्मनं काच फुटत न्हाय सायेब. कडंला आधी जखम पायजे. जखम झाली तरी लगीच फुटंल असं न्हाय. चार दिस, आठ दिस तशीच ऱ्हाती. मग वरनं ऊन पडलं, गरम हवा मारली, कुटं दणका बसला, की गेली."

"मग ही खाली का सांडली नाही?"

"फिल्मनं धरून ठेवली. उलट तुमचं नशीब म्हना. सांडली असती तर कुनालाच काय कळलं न्हवतं. आता काच वाचता येती."

काच वाचता येते हे मला नवीन होतं. मी त्यांना जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. आवारातल्या गाडीमागे ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट तड्यांवरून हळूहळू फिरवत नेलं. दोन-तीन पोलीसही बघायला जमले. जवळून पाहिलं की तडे सगळीकडे सारखे नव्हते. एका बाजूला ते पंख्यासारखे पसरत गेले होते आणि सगळे खाली, डाव्या कोपऱ्याकडे जाऊन मिळत होते. तिथले तुकडे बाकीच्यांपेक्षा मोठे होते. कारागिरांनी कडेचं रबर नखाने मागे सारलं. आत काचेच्या कडेचा बारीक टवका उडालेला, आणि शेजारच्या पत्र्यावर लोखंड घासल्याची रेघ.

"हितनं सुरवात हाय. दगुड न्हाय, गोळा न्हाय. हितं कुनीतरी लोखंड घालून उचकटलंया." ते उठले, गुडघे झटकले. "आता शेवटचा दणका कशाचा, ते मला इचारू नका. गाडीत कोन हुतं, त्येला इचारा."

गाडीत कोण होतं? गाडीमालकांची पत्नी. जिच्या जिवाच्या धोक्यावर सगळी तक्रार उभी होती, काचेच्या सगळ्यात जवळ जी बसली होती, तिचा जबाब आम्ही घेतलाच नव्हता. हवालदारांनी लिहिलं होतं, "सुदैवाने इजा नाही," आणि पुढे गेले होते. अशा घरात पुरुष बोलतो आणि पोलीस पुरुषाचं लिहून घेतात. आमची ही खोड जुनी आहे.

उन्हं उतरायच्या वेळी मी त्यांच्या घरी गेलो. गाडीमालकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, "वहिनींना जरा विचारायचंय." ते म्हणाले, "तिला काय म्हाईत? मी सांगितलंय की समदं." पण वहिनी तोवर चहा घेऊन बाहेर आल्याच होत्या.

"वहिनी, काच फुटली तेव्हा तुम्ही मागं बसला होता. काय झालं ते सांगता का?"

त्यांनी कप खाली ठेवला, पदर सावरला आणि सरळ म्हणाल्या, "मला आजपातूर कुनी इचारलंय का? वाडीला निघालतो. निवदाची पिशवी मागं ठेवायची ऱ्हायली. ह्यांनी ठेवली आन् मागचं दार आदळलं. ह्यांचं दार लावनं म्हंजे काय सांगायचं, घरातली भांडी वाजत्यात. दार बसलं आन् माझ्या मानंमागं फाट् झालं. मला वाटलं टायरच फुटला."

"आणि शेजारची मुलगी?"

"ती तिकडं लांब. रोजच टाकती की गोळा. तिचा आन् काचंचा काय संबंध?"

गाडीमालकांनी बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हा माणूस लबाड नव्हता, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या हाताने आपली नवी गाडी फुटली हे मनाला पटत नाही. तोच आवाज, त्याच क्षणी समोर हात वर केलेली भांडणाऱ्या शेजाऱ्याची पोर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि फांदीचं खापर कावळ्यावर.

पण कोल्हापूरचा माणूस तो. हार मानली तरी मोकळ्या हाताने मानत नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. दार मी आदळलं. लिवा. पन कोपऱ्यात लोखंड कुनी घातलं, ते पन लिवा मग."

"कुणी घातलं?"

"तुमच्या मानसानं! आठ दिसांमागं नाक्यावर गाड्या आडवल्या न्हवत्या का? जुनी फिल्म तिथंच काढायला लावली. निघंना, म्हनून तुमच्या हवालदारानं कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली. आन् तुमी सोता उभं हुता सायेब. 'हितंच काढा, आत्ताच्या आत्ता काढा,' कोन वरडत हुतं?"

ओरडत मीच होतो. काळ्या फिल्मविरुद्ध मोहीम होती, वरून रोज आकडा मागत होते. आम्ही ब्लेड, स्क्रूड्रायव्हर, जे हाताला येईल त्याने फिल्मा सोलत होतो. ही गाडी मला आठवत नव्हती, पण माझा आवाज मला पक्का आठवत होता. ठाण्यात येऊन हवालदारांना विचारलं. त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "घातला आसंल सायेब. त्या दिवशी गाड्या काय कमी हुत्या?"

म्हणजे जखम आम्ही केली, किंवा आमच्यानंतर ब्लेड चालवताना फिल्मवाल्याने ती वाढवली. ऊन आणि गरम हवेने तिला तापवलं, आणि मालकांच्या दणक्याने काम पुरं केलं. त्यात नेमका वाटा कुणाचा किती, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं नक्की की फिल्मने काच फोडली नव्हती आणि त्या मुलीने तर नव्हतीच.

त्या संध्याकाळी मी स्वतः पुरवणी पंचनामा लिहिला. कारागिरांचा जबाब घेतला, वहिनींचा घेतला, गाडीमालकांचा नव्याने घेतला. शेवटी माझा अहवाल. "काच कोणीही फेकलेल्या वस्तूने फुटलेली नाही" इथपर्यंत पेन सरळ चाललं. पुढच्या वाक्याला ते थांबलं. हवालदार दारात उभे होते. म्हणाले, "सायेब, नाक्याचं कशाला लिवताय? पोरगी तर सुटलीच की."

त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण पोरगी एका दिवसात आरोपी झाली ती अशाच अर्ध्या लिहिलेल्या कागदामुळे. मी लिहिलं, "आठ दिवसांपूर्वी नाकाबंदीत माझ्या आदेशावरून जुनी फिल्म काढताना काचेच्या कडेस इजा झाल्याची शक्यता आहे." खाली सही केली. या वेळी सही करण्याआधी पूर्ण वाचलं. वरिष्ठांनी नंतर बोलावून कानउघाडणी केली, ती ऐकून घेतली. पुढच्या मोहिमेपासून मात्र आमच्या ठाण्याने रस्त्यावर फिल्म सोलणं बंद केलं. गाडीवाल्याने दुकानातून काढून आणायची आणि ठाण्यात येऊन गाडी दाखवायची. त्याने मोहिमेचा आकडा थोडा उशिरा भरला, पण भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला बोलावून माफीनामा परत दिला. तिने तो माझ्यासमोर फाडला आणि तुकडे खिशात घातले. ठाण्यात कचरा करायचा नाही म्हणून. मग पावतीवर सही घेऊन गोळा तिच्या ताब्यात दिला. बाप म्हणाला, हा गोळा त्यानेच फाउंड्रीत ओतून, कानसून, काट्यावर चार किलो भरेपर्यंत घासून केलेला. दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन गेला, जणू बारशाला निघालेलं तान्हं मूल. ग्राउंडला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. त्या वर्षी मुलगी यादीत थोडक्यात हुकली. मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. दोन दिवस हातात गोळा नव्हता, मनावर केस होती, त्याने किती मार्क गेले कोण जाणे. पण ती थांबली नाही. पुढच्या भरतीत बसली आणि निवड झाली. माझे नोकरीचे शेवटचे महिने होते. एके सकाळी टपालात तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आला.

हे काम शिपायाचं. घरी जायचं, आजूबाजूच्या दोन प्रतिष्ठितांना विचारायचं, शेरा लिहायचा. पण मी स्वतः गेलो. आणि त्या घराच्या शेजारचा प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे सांगायला नको.

गाडीमालक ओट्यावर बसले होते. मी कागद दाखवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "शेजारच्या मुलीबद्दल, तिच्या वागणुकीबद्दल काही तक्रार?"

"तिच्या बापाबरं भांडान हाय माझं. बोळाचं. ते मी सोडनार न्हाय, आधीच सांगतो."

"मुलीबद्दल विचारतोय."

आतून वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या ओट्यावर मुलगी आणि तिचा बाप उभे होते. बापाने खांबाला धरलं होतं. गावात पडताळणीला आलेल्या पोलिसापुढे शेजाऱ्याचा एक वाकडा शब्द काय करू शकतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गाडीमालकांनाही.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि नेहमीच्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लिवा सायेब. पोरगी सोन्यासारखी हाय. तिनं कवा कुनाच्या काचंला बोट लावलं न्हाय. मी खोटं बोललो हुतो, ह्ये बी लिवा पायजे तर."

ते लिहायची गरज नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, "आता हिला कोन आडवत न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग झालं," असं म्हणून ते उठून आत गेले. पलीकडे बाप खांब सोडून तिथेच ओट्यावर खाली बसला. मुलीने मला सॅल्यूट केला. अजून शिकवलेला नव्हता, कोपर चुकलं होतं. मी तिला नीट करून दाखवला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा विचारतात. मी सांगतो, कबुली हातात आली की पोलीस निवांत होतो, तिथेच त्याने जास्त सावध व्हायला हवं. गरीब माणूस शांततेसाठी न केलेला गुन्हाही कबूल करतो, आणि तसं करायला बऱ्याचदा आपणच सांगितलेलं असतं. जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचा जबाब शेवटी घ्या, जो जवळ बसला होता त्याचा आधी. आणि सही करण्यापूर्वी उठून काचेपर्यंत चालत जा. माझ्या खुर्चीपासून ती गाडी जेमतेम वीस पावलांवर उभी होती.